मॉडेल बायप्लेनचा लँडिंग गिअर: ‘सगळ्यात मजबूत’ म्हणजे नेमकं काय?

एरोमॉडेलिंग करणाऱ्या एका ज्युनिअरने परवा विचारलं, “दादा, बायप्लेनच्या लँडिंग गिअरला सगळ्यात स्ट्राँग मटेरियल कुठलं?” मी मटेरियल सायन्समध्ये पीएचडी करतोय, तेव्हा उत्तर एका शब्दात मिळेल अशी त्याची अपेक्षा. दोन वर्षांपूर्वी मी तसं उत्तर दिलंही होतं. आम्ही सॉपविथ कॅमलचं एक षष्ठांश मॉडेल बनवत होतो. पायांना ४ मिमीची जाड पियानो वायर घेतली आणि चाकांचा ॲक्सल त्यांना पक्का सोल्डर करून टाकला. तिसऱ्या लँडिंगला विमान जरा जोरात बसलं. गिअरला ओरखडासुद्धा नाही, पण विमानाच्या पोटाचं प्लायवूड फाटून तो अख्खाच्या अख्खा बाहेर आला!

म्हणजे भाग मजबूत होता, निवड चुकली होती. का, ते आकडे मांडून बघू.

समजा मॉडेल ३ किलोचं आहे आणि २० सेंमीवरून पडल्यासारखं बसलं. टेकताना त्याचा खाली येण्याचा वेग साधारण २ मीटर प्रति सेकंद, आणि जिरवायची ऊर्जा सुमारे ६ जूल. ६ जूल काही फार नाही. पण बल म्हणजे ऊर्जा भागिले थांबायला मिळालेलं अंतर. गिअर इतका ताठ असेल की २ मिमीतच सगळं थांबतंय, तर सरासरी बल ३००० न्यूटनच्या आसपास जातं, म्हणजे जवळपास ३०० किलोचं वजन. तेच अंतर ३० मिमी मिळालं तर २०० न्यूटन. धातू तोच, विमान तेच, फरक पंधरा पटींचा. आणि हे बल गिअरपाशी थांबत नाही, बोल्टमधून थेट प्लायवूडमध्ये जातं.

त्यामुळे मटेरियलला विचारायचा प्रश्न असा: कायमचं न वाकता तू किती ऊर्जा साठवतोस? यील्ड स्ट्रेंग्थचा वर्ग भागिले यंग मोड्युलसची दुप्पट, हे त्याचं माप. ६०६१-टी६ ॲल्युमिनियमसाठी (यील्ड २७६, मोड्युलस ६९,००० मेगापास्कल) किलोमागे साधारण २०० जूल येतात. ७०७५-टी६ साठी ६०० च्या वर. पियानो वायरची यील्ड १५०० मेगापास्कल धरली तर ७०० च्या आसपास. पोलाद ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट जड असूनही इथे पुढे आहे, हे पहिल्यांदा गणित केलं तेव्हा मलाही खरं वाटलं नव्हतं. शिवाय वायर मर्यादेपलीकडे गेली तर वाकते, मैदानावरच पक्कडीने सरळ करता येते. कार्बन फायबर हलकं आणि ताठ, पण तुटताना आधी सांगत नाही.

मग आमची वायर बरोबरच होती की! हो, पण वर दिलेले जूल वायरचा कण न् कण सारखा ताणला गेला तरचे. नुसत्या वाकणाऱ्या गोल दांडीत, एक टोक पक्कं असताना, त्याचा जेमतेम बारावा भाग हाती लागतो. आणि आमच्या गिअरमध्ये तेवढंही वाकणं नव्हतं. दोन्ही बाजूंचे ‘व्ही’ आकाराचे पाय, खाली पक्का ॲक्सल, वर तिरक्या ताणतारा. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला शिकवतात तो ट्रस. त्रिकोण वाकत नाही, म्हणून तर पुलात वापरतात.

१९१७ साली युद्धात उतरलेल्या मूळ कॅमलमध्येही हाच त्रिकोण होता, मग ते विमान कसं टिकायचं? कारण त्याचा ॲक्सल पायांना पक्का नव्हताच. तो मधोमध बिजागरीने जोडलेला, दोन तुकड्यांचा होता आणि रबराच्या दोरीने पायांना गुंडाळून बांधलेला होता. दणका बसला की चाक वर सरकायचं, रबर ताणलं जायचं. आम्ही फोटो बघून आकार हुबेहूब उतरवला आणि जो भाग काम करतो तोच सोल्डरने गोठवून टाकला.

दुसऱ्या खेपेला ॲक्सल खाचेत मोकळा ठेवून रबराने बांधला. वायर ३ मिमीवर आणली. ३ वरून ४ मिमीला गेलं की वाकण्यातली ताकद साधारण २.४ पट होते, पण ताठपणा ३.२ पट, म्हणून ‘एक नंबर जाड घेऊ’ हा सल्ला जरा जपून घ्यायचा. सांध्यांवर तांब्याची बारीक तार गुंडाळून साधं सोल्डरिंग केलं. ब्रेझिंग करू नका, तेवढ्या उष्णतेला वायरचं ‘पाणी’ उतरतं आणि सांध्यालगतचा तुकडा साध्या सळईसारखा मऊ पडतो. मागचे बोल्ट नायलॉनचे. खड्ड्यात चाक अडकलं तर ते आधी तुटावेत, प्लायवूड नाही. दोन रुपयांची वस्तू मुद्दाम कमजोर ठेवायची.

रबराचे वेढे किती, ते कागदावर ठरलं नाही. मॉडेलच्या सांगाड्यात वाळूच्या पिशव्या ठेवून वजन ३ किलो केलं, २० सेंमीवरून गवतावर सोडलं, शेजारी पट्टी उभी करून मोबाइलवर स्लो मोशन घेतलं. प्रत्येक वेळी एकच वेढा कमी-जास्त करायचा, बाकी कशाला हात लावायचा नाही. वेढे कमी पडले की ॲक्सल खाचेच्या वरच्या टोकाला आपटतो. व्हिडिओत दिसायच्या आधीच ते ‘ठक्क’ ऐकू येतं.