आमची व्हॅन वळसंगलाच का थांबते?

सी ब्लॉकमधल्या निदान दहा-बारा जणांना या लेखाचा विषय आधीच माहीत आहे, कारण त्यांनी आमच्या व्हॅनला धक्का मारलेला आहे. काहींनी तर दोनदा! त्या सगळ्यांचे आभार मानून सुरुवात करतो.

अक्कलकोटला आमचं चादरी-टॉवेलचं छोटं दुकान आहे. स्वामींच्या दर्शनाला येणारी मंडळी जाताना चादर घेऊन जातात, त्यावर घर चालतं आणि माझी फीसुद्धा. माल सोलापूरहून आणायचा म्हणून अण्णांनी एक सेकंडहँड व्हॅन घेतली. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण पुढे कळेलच की दोष कंपनीचा नव्हता. सकाळी रिकामी व्हॅन अक्कलकोटहून झकास यायची. दुपारी माल भरून परत निघाली की कुंभारी ओलांडायची आणि वळसंगच्या आसपास काटा लाल पट्टीत! गावातल्या चहावाल्याने आमच्यासाठी पाण्याचा कॅन भरूनच ठेवायला सुरुवात केली होती.

दोन वर्षांत काय काय झालं ते ऐका. हेड गॅस्केट उडालं, हेड काढून फेसिंग केलं, नवीन गॅस्केट टाकलं. सात महिन्यांनी पुन्हा उडालं. एका गॅरेजमध्ये सांगितलं, 'थर्मोस्टॅटमुळे तापते, काढून टाकू.' काढला. दुसरीकडे सांगितलं, 'फॅन डायरेक्ट करून देतो, किल्ली फिरवली की चालू.' केला. मग बॅटरी बसायला लागली, म्हणून नवीन बॅटरी. पेट्रोल जास्त खायला लागली, म्हणून नवीन प्लग. ते काळे पडले म्हणून पुन्हा प्लग. तेवढ्यात माझं थर्ड इयर सुरू झालं, आय.सी. इंजिन हा विषय आला आणि मला कंठ फुटला. 'अण्णा, वॉटर पंपच गेलाय!' मी छातीठोकपणे सांगितलं. पंप बदलला. जुना पंप खोलून पाहिला तर ठणठणीत! ते पैसे माझ्या नावावर अजून मांडलेले आहेत.

आता थोडी थिअरी. घाबरू नका, व्हायवा नाही.

आपल्याकडे छोटी व्हॅन म्हटलं की ओम्नी डोळ्यांसमोर येते. १९८४ साली ती मारुती व्हॅन म्हणून आली, १९८८ ला ओम्नी झाली आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटखाली आणि शाफ्टने फिरणारी मागची चाकं, ही तिची रचना. या घाटाच्या गाड्यांमध्ये जागा भरपूर मिळते, पण बॉनेट उघडून इंजिनकडे नजर टाकायची सोय राहत नाही. सीट उचलल्याशिवाय काही दिसत नाही आणि सीटवर आमच्याकडे कायम चादरींचा गठ्ठा! त्यामुळे पाणी किती आहे हे बघण्याची वेळ काटा चढल्यावरच यायची.

रेडिएटरचं काम इंजिनची उष्णता हवेला देणं. ती किती जाईल हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. थंडीत बाहेर २५ अंश आणि पाणी ९० अंश असेल तर फरक ६५. सोलापूरच्या उन्हाळ्यात बाहेर ४३ अंश असेल तर फरक ४७. म्हणजे रेडिएटर तोच, गाडी तीच, पण क्षमता २८ टक्क्यांनी कमी. नवीन गाडीत एवढी सवड ठेवलेली असते. आमच्या गाडीतली सवड दुसऱ्याच कोणीतरी खाल्ली होती.

कोणी? होस्टेलच्या बादलीत आपण पाणी तापवायला जो हीटर रॉड टाकतो (रेक्टर सरांनी हे वाक्य वाचू नये), त्याच्यावर महिन्याभरात पांढरी खपली चढते ना? तीच. आपल्या भागात खाली काळा बेसॉल्ट, बोअरचं पाणी जड. फर्स्ट इयरला केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये बोअरच्या पाण्याचं ईडीटीए टायट्रेशन करताना ब्युरेट रिकामं होत आलं तरी रंग बदलत नव्हता, आठवतंय? पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट जिथे जास्त गरम तिथे चिकटून बसतं. इंजिनमध्ये जास्त गरम जागा म्हणजे सिलिंडरभोवतीची पाण्याची वाट. ही खपली उष्णतेला इतकी अडवते की तिचा एक मिलिमीटर थर म्हणजे दोन सेंटिमीटरहून जाड बीड मध्ये घातल्यासारखं. सुटलेले तुकडे पाण्याबरोबर जाऊन रेडिएटरच्या बारीक नळ्यांत अडकतात ते वेगळंच.

आणि गंमत बघा, वाफ होऊन उडतं ते फक्त पाणी. क्षार आतच राहतात. आपण वळसंगला पुन्हा कॅनभर बोअरचं पाणी ओतलं की नव्याने क्षार आत गेले. म्हणजे दर वेळी गाडी वाचवताना आम्ही पुढच्या वेळची सोय करत होतो!

रेडिएटरचं झाकण हाही एक पार्टच असतो, हे मला तोवर खरंच माहीत नव्हतं. त्याची स्प्रिंग आत साधारण ०.९ किलोचा दाब धरून ठेवते, त्यामुळे पाणी १०० ऐवजी सुमारे ११९ अंशांपर्यंत उकळत नाही. स्प्रिंग ढिली झाली की दाब टिकत नाही, पाणी लवकर उकळतं आणि थोडं थोडं बाहेर जातं. पातळी उतरली की उरलेलं पाणी आणखी लवकर तापतं. भरलेल्या गाडीला, दुपारच्या उन्हात, हे सगळं व्हायला अर्धा तास लागायचा. सोलापूर सोडून अर्ध्या तासात त्या वेगाने आम्ही कुठे पोचतो? वळसंगला. सकाळी रिकाम्या गाडीत आणि गार हवेत तेवढी उष्णता तयारच होत नव्हती.

मे महिन्यात एकदा अण्णांनी फडकं धरून ते झाकण उघडलं. दाब एकदम सुटला की शंभराच्या वर तापलेल्या पाण्याची तत्क्षणी वाफ होते. हात कोपरापर्यंत भाजला. तीन आठवडे दुकानात चादरीची घडी आईने घातली. अण्णा एवढंच म्हणाले, 'भंगारात देऊन टाकू. तुझं शेवटचं वर्ष होऊ दे, मग बघू.' माल एस.टी.ने आणायचा ठरला. गठ्ठे चढवणारा माणूस वेगळा, उतरवणारा वेगळा, म्हणजे माझ्या फीचा हिशेब पुन्हा मांडायला लागणार होता.

भंगारवाल्याला दाखवण्याआधी एका मित्राने मला विजापूर वेशीकडे एका रेडिएटरवाल्या चाचांकडे नेलं. मी सीट उचलून हेडकडे टॉर्च मारत होतो. चाचा म्हणाले, 'काय बघलालास तिकडं? इकडं हात लाव की!' त्यांनी इंजिन तापवून बंद केलं होतं आणि रेडिएटरच्या जाळीवरून सावकाश हात फिरवत होते. वर गरम, मध्ये गरम आणि खाली एका बाजूला चक्क गार. जिथे गार तिथे गरम पाणी पोचतच नाही, म्हणजे नळ्या बंद. ना गेज, ना सेन्सर! मग झाळ उकलून टाकी वेगळी केली आणि नळ्यांतून पातळ पट्टी घालून खपली काढली. चुना कालवल्यासारखं पांढरं पाणी बादलीभर निघालं. इंजिनमधली वाटही औषध घालून धुतली. नवीन झाकण, नवीन थर्मोस्टॅट, फॅन परत तापमानाच्या स्विचवर आणि आत डिस्टिल्ड वॉटर घालून कूलंट. बिल दुसऱ्या गॅस्केटच्या बिलाच्या पावपटसुद्धा नव्हतं.

त्या रात्री होस्टेलवर बसून मी जुनी बिलं एका कागदावर मांडली. गॅस्केट का उडालं? हेड ॲल्युमिनियमचं, ब्लॉक बीडाचा, आणि ॲल्युमिनियम तापल्यावर बीडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. सारखं तापून हेड वाकडं होणारच. बॅटरी का बसली? फॅन अखंड चालू, त्यात हेडलाइट आणि ट्रॅफिकमध्ये इंजिन आयडलवर. प्लग का काळे? थर्मोस्टॅट काढल्यामुळे सकाळी इंजिन नीट तापतच नव्हतं, सेन्सर 'अजून गार आहे' असं सांगत होता आणि इंजेक्शन जास्त पेट्रोल सोडत होतं. म्हणजे निम्मे आजार मूळ दुखण्याचे आणि निम्मे आम्ही केलेल्या उपचारांचे! पाच गॅरेजमध्ये पाच पार्ट बदलले, आणि प्रत्येकाने आपल्यापुरतं बरोबरच पाहिलं होतं. सगळी बिलं एकत्र ठेवून कोणीच पाहिली नव्हती. मीही नाही. मी तर आणखी एक पंप वाढवला.

कोणाच्या घरी जुनी गाडी तापत असेल तर इंजिन पूर्ण गार झाल्यावर झाकण काढून गळ्याच्या आत बोट फिरवा. पांढरं खरखरीत लागलं किंवा झाकणाचं रबर कडक झालेलं दिसलं तर आधी तिथून सुरुवात करा. इंजिन चालू केल्यावर गळ्यात सतत बुडबुडे येत असतील तर मात्र गॅस्केट खरंच गेलंय, तिथे चाचाही काही करू शकत नाहीत.

आमच्या गाडीच्या नोंदणीची १५ वर्षं यंदा संपतात. पुढची पाच वर्षं मिळवायला आर.टी.ओ.त फिटनेस करावा लागेल. अण्णांनी त्यासाठी मागचे दोन टायर बदललेत आणि सरकत्या दाराच्या खाली गंजलेला पत्रा मारून घेतलाय. वळसंगचा चहावाला परवा विचारत होता, 'अलीकडं थांबत नाही?' अण्णा आता चहासाठी थांबतात. कॅन मात्र अजून गाडीत असतो, फक्त त्यावर मी मार्करने लिहून ठेवलंय: 'बोअरचं भरू नये.'