अंतिम टेबलावरील नऊ जण : पोकर स्पर्धेतील खेळाडू-परिचयांचे वाचन

सारांश : पोकर स्पर्धेच्या अंतिम टेबलावर पोहोचलेल्या खेळाडूंचे परिचय प्रसिद्ध करण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. हे परिचय कौशल्याचा पुरावा म्हणून वाचले जातात. प्रस्तुत लेखात अशा परिचयांत काय नोंदवले जाते, काय वगळले जाते आणि त्यांवरून कोणता निष्कर्ष काढता येतो, याचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : पोकर, संभाव्यता, कौशल्य, योगायोग, जुगारविषयक कायदा.

प्रस्तावना

खंडाळा आणि लोणावळा या परिसरात मुंबई-पुण्याच्या कुटुंबांचे बंगले आहेत. पावसाळी सहलीत वा दिवाळीच्या सुटीत तेथे पत्त्यांचा डाव मांडणे ही जुनी रीत आहे. रमी आणि तीनपत्ती या परिचित खेळांच्या जोडीला गेल्या दोन दशकांत पोकर आला. हाच खेळ गोव्यात मांडवी नदीत उभ्या असलेल्या जहाजांवर परवान्याने खेळला जातो. गोव्याच्या १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्यात १९९२ आणि १९९६ मध्ये दुरुस्त्या झाल्या व त्यांतून कॅसिनोंना वाट मिळाली. महाराष्ट्रानेही १९७६ मध्येच कॅसिनोविषयक कायदा केला होता. तो कधीही अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. पत्ते तेच, डावही तोच. परंतु घाटावरच्या बंगल्यात आणि मांडवीच्या पात्रात कायदा वेगळा.

या खेळाकडे तरुण वर्ग नियमांच्या पुस्तकामुळे वळत नाही, तर विजेत्यांच्या परिचयांमुळे वळतो. एखादा हिशेबनीस, एखादा वकील, एखादा विद्यार्थी अंतिम टेबलावर पोहोचतो. त्याचे वय, गाव, व्यवसाय आणि आजवरची बक्षिसे छापली जातात. महाविद्यालयीन विद्यार्थ्याला त्या चौकटीत स्वतःचे चित्र दिसू लागते. म्हणून हे परिचय कसे वाचावेत, हा प्रश्न अध्यापकांच्याही विचाराचा ठरतो.

स्पर्धेची रचना

‘टेक्सास होल्डेम’ या प्रचलित प्रकारात प्रत्येक खेळाडूला दोन पत्ते झाकून मिळतात आणि पाच पत्ते सर्वांसाठी टेबलावर उघडले जातात. या सातांतून उत्तम पाच पत्त्यांची जुळणी करावयाची असते. बावन्न पत्त्यांतून दोन पत्ते १,३२६ प्रकारांनी येऊ शकतात. त्यांपैकी एक्क्यांची जोडी केवळ ६ प्रकारांनी, म्हणजे २२१ वाटपांत सरासरी एकदा येते. पत्ते पाहून पैज वाढवणे, बरोबरी करणे किंवा डाव सोडणे हे निर्णय खेळाडूचे असतात. प्रतिस्पर्ध्यांनी डाव सोडल्यास हलक्या पत्त्यांवरही जिंकता येते. कौशल्याला वाव आहे तो येथेच.

स्पर्धेत सर्वजण सारखे प्रवेशशुल्क भरून सारख्या चिप्स घेऊन बसतात. ठरावीक वेळाने सक्तीच्या पैजा वाढत जातात, त्यामुळे केवळ थांबून राहणाऱ्याच्या चिप्स आपोआप झिजतात. चिप्स संपलेला खेळाडू बाहेर पडतो, टेबले मोडून एकत्र केली जातात आणि अखेरीस बहुधा नऊ जणांचे एकच टेबल उरते. तेच अंतिम टेबल.

या रचनेत उत्तम खेळाडूलाही अनेकदा सर्व चिप्स पणाला लावाव्या लागतात. प्रत्येक वेळी जिंकण्याची शक्यता ८० टक्के असली, तरी असे पाच प्रसंग लागोपाठ निभावण्याची शक्यता सुमारे ३३ टक्के आणि दहा प्रसंग निभावण्याची जेमतेम ११ टक्के असते. याचा अर्थ असा की अचूक निर्णय घेणारे बहुसंख्य खेळाडूही अंतिम टेबलापूर्वीच बाद होतात.

परिचयांतील व्यक्ती

लास वेगास येथील ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’च्या मुख्य स्पर्धेचे प्रवेशशुल्क १०,००० डॉलर आहे. २००३ मध्ये तीत ८३९ खेळाडू होते. विजेता ख्रिस मनीमेकर हा टेनेसी राज्यातील हिशेबनीस होता. शंभर डॉलरांहून कमी शुल्काच्या ऑनलाइन पात्रता फेरीतून तो तेथे आला आणि २५ लाख डॉलर जिंकला. त्याच टेबलावर तिसरा आलेला डॅन हॅरिंग्टन मात्र १९९५ चा विजेता होता. तो वकिली केलेला, बुद्धिबळात मॅसॅच्युसेट्स राज्याचे अजिंक्यपद मिळवलेला खेळाडू. पुढील वर्षी २,५७६ खेळाडूंच्या स्पर्धेत तो चौथा आला.

भारतीय खेळाडूंची नावेही या परिचयांत येऊ लागली. २०१७ मध्ये निपुण जावा आणि आदित्य सुशांत यांनी याच मालिकेतील जोडीने खेळावयाची स्पर्धा जिंकली. २०१८ मध्ये निकिता लूथर हिने जुझेप्पे पांतालेओ याच्या साथीने त्याच प्रकारात विजय मिळवला आणि या मालिकेचे मानाचे कडे मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली.

या दोन दशकांत सर्वांत परिणामकारक ठरला तो मनीमेकरचा परिचय. मुख्य स्पर्धेतील खेळाडूंची संख्या २००३ मधील ८३९ वरून २००५ मध्ये ५,६१९ आणि २००६ मध्ये ८,७७३ झाली. दूरचित्रवाणी व ऑनलाइन खेळ यांचाही त्यात वाटा होता. परंतु सामान्य नोकरदार माणूस जिंकू शकतो, ही गोष्ट त्या परिचयाने सर्वदूर पोहोचवली. त्याच वर्षी बाद झालेल्या इतर हिशेबनीसांचे परिचय कोणी छापले नाहीत.

परिचयात नसलेले आकडे

परिचयातील सर्वांत ठळक आकडा ‘एकूण बक्षिसे’ हा असतो. तो जमेचा आकडा आहे, नफ्याचा नव्हे. ज्या स्पर्धांत खेळाडू रिकाम्या हाताने परतला, त्यांची प्रवेशशुल्के त्यातून वजा केलेली नसतात. वर्षभरात १०,००० डॉलर शुल्काच्या तीस स्पर्धा खेळून दोन लाख डॉलर मिळवणारा खेळाडू प्रत्यक्षात एक लाख डॉलर तोट्यात असतो. परिचयात मात्र तो दोन लाखांचा धनी दिसतो. शिवाय अनेक खेळाडू शुल्काचा भार हलका करण्यासाठी आपल्या संभाव्य बक्षिसाचे हिस्से आधीच इतरांना विकतात. छापलेली रक्कम सर्वस्वी त्यांच्या हाती पडतेच असे नाही. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला खर्चाची बाजू कोरी ठेवलेला ताळेबंद दाखवला, तर तो तत्काळ आक्षेप घेईल. येथे तोच आक्षेप घेतला जात नाही.

पुनरावृत्तीचे गणित

एकदा अंतिम टेबल गाठणे योगायोग असेल, पण दोनदा गाठणे कौशल्यच, असा युक्तिवाद केला जातो. त्याची कसोटी पाहण्यास मार्क न्यूहाउसचे उदाहरण उपयुक्त आहे. २०१३ मध्ये ६,३५२ आणि २०१४ मध्ये ६,६८३ खेळाडूंतून तो अंतिम नऊंत आला आणि दोन्ही वर्षी नववा ठरला. सर्व खेळाडू समान कुवतीचे मानल्यास पहिली शक्यता ७०६ त एक, दुसरी ७४३ त एक. दोन्ही मिळून सव्वापाच लाखांत एक. हा आकडा थक्क करणारा वाटतो.

परंतु प्रश्न चुकीचा विचारला गेला आहे. न्यूहाउस हे नाव २०१३ च्या स्पर्धेपूर्वी कोणी निवडलेले नव्हते. योग्य प्रश्न असा : २०१३ च्या नऊ जणांनी पुन्हा भाग घेतला, तर त्यांपैकी कोणीतरी पुढील वर्षीही अंतिम टेबल गाठण्याची शक्यता किती? ती सुमारे ८२ त एक भरते. अशा स्पर्धा वर्षानुवर्षे होत राहिल्यास केव्हातरी असे घडणे स्वाभाविक आहे. हाच हिशेब २००३-०४ च्या हॅरिंग्टनला लावल्यास शक्यता ३२ त एक येते. त्याचे वजन वाढते ते १९९५ च्या विजयामुळे, कारण तो पुरावा आधीच उपलब्ध होता.

म्हणजे नाव आधी लिहून ठेवणे आणि निकाल नंतर पाहणे, ही कौशल्याची खरी कसोटी होय. शिकागो विद्यापीठातील स्टीव्हन लेविट आणि थॉमस माइल्स यांनी २०१० च्या ‘वर्ल्ड सिरीज’ची माहिती याच रीतीने तपासली. स्पर्धेपूर्वीच कुशल म्हणून गणल्या गेलेल्या सुमारे सातशे खेळाडूंना भरलेल्या शुल्कावर सरासरी ३० टक्क्यांहून अधिक परतावा मिळाला. उरलेल्या हजारो खेळाडूंना सरासरी सुमारे १५ टक्के तोटा झाला. पोकरमध्ये कौशल्य आहे, हे यावरून दिसते. ते कौशल्य कोणाच्या पैशावर फळते, हेही त्याच तक्त्यात दिसते.

कायद्याचा प्रश्न

भारतीय कायद्यात कौशल्य आणि योगायोग यांचा भेद निर्णायक मानला गेला. मुंबई इलाख्याच्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याचे १३ वे कलम निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळते. महाराष्ट्रात तोच कायदा पुढे चालू राहिला. या कायद्यानुसार ‘जुगाराचे घर’ ठरण्यासाठी जागेच्या चालकाचा लाभ हा महत्त्वाचा घटक आहे. म्हणून घरच्या मंडळींचा डाव आणि प्रत्येक डावातून चालकाने वाटा काढावयाचा बंगला, या दोन गोष्टी कायद्याच्या दृष्टीने भिन्न आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने १९५७ च्या चमारबागवाला खटल्यात कौशल्याच्या स्पर्धा जुगारापासून वेगळ्या काढल्या. १९६८ च्या सत्यनारायण खटल्यात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचे सांगताना तीन पत्त्यांचा खेळ निव्वळ योगायोगाचा असल्याचे न्यायालयाने नमूद केले. पोकरविषयी एकमत झाले नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो जुगार मानला, तर मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कौशल्याचा खेळ मानला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन खेळविषयक कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना मनाई करताना हा भेदच बाजूला ठेवला. खेळ कौशल्याचा असो वा योगायोगाचा, मनाई दोहोंना सारखीच.

या कायद्याच्या घटनात्मकतेचा वाद स्वतंत्र आहे. परंतु त्यामागील निरीक्षण वरील तक्त्याशी जुळते : खेळ कौशल्याचा ठरला म्हणून नवख्याचे नुकसान टळत नाही.

नल आणि युधिष्ठिर

हा विचार भारतीय परंपरेला नवा नाही. सभापर्वात शकुनी युधिष्ठिराविषयी सांगतो की त्याला द्यूताची आवड आहे, पण खेळता येत नाही. द्यूतात कौशल्य आहे हे शकुनीला ठाऊक होते, म्हणूनच त्याने ते आमंत्रण योजले. वनपर्वातील नलोपाख्यानात याची दुसरी बाजू येते. द्यूतात राज्य हरलेला नल पुढे ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. वाटेत ऋतुपर्ण एका बिभीतक वृक्षाच्या पानांची व फळांची संख्या अंदाजाने सांगतो. नल झाड तोडून मोजतो, तेव्हा ती बरोबर भरते. अश्वविद्येच्या बदल्यात नल ती अक्षविद्या घेतो आणि मगच पुन्हा पटावर बसतो.

बिभीतक म्हणजे बेहडा. खंडाळ्याच्या घाटातील रानातही तो आढळतो. प्राचीन काळी त्याचीच फळे फासे म्हणून वापरली जात. ज्या झाडाने जुगार दिला, त्याच झाडाखाली मोजणीची विद्या शिकवली गेली, असे ही कथा सांगते. ऋतुपर्णाचे म्हणणे नलाने परिचयावरून स्वीकारले नाही. झाड तोडून मोजले.

समारोप

अंतिम टेबलावरील नऊ जणांचे परिचय खोटे नसतात. ते अपुरे असतात. त्यांत टिकून राहिलेल्यांची नोंद असते, बाद झालेल्यांची नसते. मिळकत असते, खर्च नसतो. नाव निकालानंतर निवडलेले असते. पोकर हा कौशल्याचा खेळ आहे काय, या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी होकारार्थी देता येते. परंतु विद्यार्थ्यापुढे खरा प्रश्न वेगळा असतो : ते कौशल्य टेबलावर कोणाकडे आहे? उत्तर ठाऊक नसेल, तर ‘हा कौशल्याचा खेळ आहे’ हे विधान आश्वासन ठरत नाही. तो इशारा ठरतो. संख्याशास्त्र, अर्थशास्त्र आणि विधी या तिन्ही विषयांच्या अध्यापकांना वर्गात एकत्र मांडता येईल असा हा पाठ आहे, आणि त्यासाठी एकही पैज लावावी लागत नाही.