लांबणाऱ्या भुजेचे गणित
गोदामातला नेहमीचा फोर्कलिफ्ट समोरच्या उभ्या खांबांवरून आपले काटे वर-खाली सरकवतो. त्याला सपाट, पक्की फरशी लागते आणि वाटेत चर किंवा भिंत आली, तर त्यापलीकडे माल ठेवणे त्याला जमत नाही. फ्रान्समध्ये मार्सेल ब्रो यांनी १९५८ मध्ये ट्रॅक्टरमध्ये फेरबदल करून खडबडीत जमिनीवर चालणारा फोर्कलिफ्ट घडवला, तेव्हा यांतली पहिली अडचण सुटली. दुसरी सोडवली ती लांबणाऱ्या भुजेच्या यंत्रांनी, ज्यांत ब्रिटनच्या जेसीबी कंपनीचा १९७७ मधील ‘लोडऑल’ विशेष गाजला. या यंत्रांना टेलिस्कोपिक फोर्कलिफ्ट किंवा टेलिहँडलर म्हणतात.

या यंत्राची भुजा, म्हणजे बूम, मागच्या बाजूला बिजागरीसारखी जोडलेली असते आणि एकात एक बसणाऱ्या पोलादी नळकांड्यांनी बनलेली असते. दाबाखालच्या तेलावर चालणारा एक सिलिंडर बूम उचलतो, दुसरा तिला लांबवतो आणि तिसरा काट्यांचा कल बदलतो. शिवाय बूमखालचा एक पूरक सिलिंडर, ती वर जाताना, कल बदलणाऱ्या सिलिंडरकडे आवश्यक तेवढे तेल ढकलत असल्यामुळे काट्यांवरचा माल आडवाच राहतो.

भार पेलण्याचे तत्त्व मात्र पहारीचेच आहे. पुढची चाके हा टेकू, पुढे भार आणि मागे यंत्राचे स्वतःचे वजन अशी ही रचना असल्याने भाराइतकेच त्याचे टेकूपासूनचे अंतरही महत्त्वाचे ठरते. टेकूपासून २ मीटरवरचे ३,५०० किलो जेवढा उलथवणारा जोर लावतात, तेवढाच जोर ७ मीटरवरचे १,००० किलो लावतात, आणि लांबलेल्या बूमचे वजन त्यात आणखी भर घालते. म्हणूनच जेसीबीच्या ‘५३५-९५’ या मॉडेलच्या नावातून साडेतीन टन आणि साडेनऊ मीटर हे दोन आकडे सूचित होत असले, तरी त्या यंत्राला साडेतीन टन कितीही लांबवर पेलता येतात, असा त्याचा अर्थ होत नाही.

बांधकामावर विटांचे पॅलेट वरच्या मजल्यावर थेट पोचवणे, शेतावर गवताचे गठ्ठे रचणे आणि काटे काढून बकेट लावल्यावर धान्य भरणे, ही सर्व कामे एकच यंत्र करते. चारही चाके वळत असल्याने ते अरुंद जागेतही फिरते, तर चारही चाके एकाच दिशेने वळवली की खेकड्यासारखे तिरके सरकते. मात्र उंचावरचा भार खाली आणताना बूम लांबलेलीच ठेवून झुकवली, तर ती आडवी होत जाते, भार टेकूपासून दूर जातो आणि मागची चाके उचलली जाऊन यंत्र पुढे कलंडू शकते. म्हणून जाणता ऑपरेटर बूम आधी आत घेतो आणि मगच खाली आणतो. केबिनमधील भारतक्ता नेमके हेच सांगतो, की वजन उचलण्याची क्षमता हा यंत्राचा एकच ठरलेला आकडा नसून ती भुजेच्या लांबीबरोबर आणि कोनाबरोबर बदलत जाते.