पावसाळ्यातला वस्तरा

पहाटे 5:30. आषाढात रत्नागिरीत भिंतींनाही ओल येते. दुकान उघडण्याआधी मी स्वतःची दाढी करतो, वडिलांच्या अखंड पात्याच्या वस्तऱ्याने. त्याचं पोलाद जर्मनीतल्या झोलिंगेनचं. दाढीपेक्षा जास्त वेळ पुढच्या निगराणीला जातो, आणि तो जायलाच हवा. इकडच्या हवेत वस्तरा दाढी करताना जितका झिजत नाही, तितका दाढीनंतर झिजतो.

5:45. पातं खाली झुकवून कोमट पाण्याने धुतो, म्हणजे पाणी मुठीकडे न जाता धारेवरून गळतं. फेस आणि कातडीचं तेल राहिलं तर ते ओल धरून ठेवतं. पुसण्याआधी हात धुवायचे, कारण बोटांना तुरटी असते. तुरटीचं पाणी आम्लधर्मी, ते पोलादावर डाग पाडतं. मऊ पंच्याने पाठीकडून धारेकडे पुसायचं, धारेच्या लांबीवरून कधीच नाही. पंच्याचं टोक पीळ देऊन मुठीच्या फटीत, खिळ्यापर्यंत घालायचं. बहुतेक वस्तरे तिथूनच गंजायला लागतात.

मग चामोटीच्या कापडी बाजूवर हलके हात, पाठ पुढे आणि धार मागे. हे धार लावण्यासाठी नव्हे, कोरडं करण्यासाठी. चांगल्या धारेचं टोक एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतं. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन. इतक्या पातळ पोलादाला गंजायला फार ओल लागत नाही. तांबूस ठिपका डोळ्यांना दिसेपर्यंत धार कधीच गेलेली असते. लोक म्हणतात, ‘वस्तरा ओढतोय, दगडावर घासून द्या.’ पुष्कळदा दोष दगडाचा नसतो, ओलीचा असतो.

6:00. वस्तरा उघडाच, पंख्याखाली. न्हाणीघरात अजिबात नाही.

7:30. आता तेल. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब चिमटीतल्या कापसावर, तेवढा दोन्ही बाजूंना पुरतो. एक टिपूस खिळ्यावर. खोबरेल घरोघरी असतं, पण पडून राहिलं की खवट होतं, म्हणून मी ते टाळतो. आणि ओल्या पात्यावर तेल लावलं तर पाणी खाली कोंडून राहतं. मधला दीड तास त्यासाठी.

8:00 ते 11:00. गिऱ्हाइकांची गर्दी. त्यांच्यासाठी अखंड वस्तरा नाही. दर माणसाला अर्धं ब्लेड नवं, गिऱ्हाइकासमोर कागद फाडून. एचआयव्ही आणि कावीळ-बी रक्तातून पसरतात, तिथे तडजोड नाही. वापरलेलं ब्लेड झाकणाला फट पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात जातं, कारण कचरा वेचणाऱ्या बाईच्या हातालाही कातडी आहे.

11:30. कॉलेजचा एक मुलगा कागदात गुंडाळलेला वस्तरा घेऊन आला.

“अण्णा, आजोबांचा आहे. चालेल का परत?”

“बघू दे, बाळा. कुठे ठेवला होतास?”

“कपाटात, चामड्याच्या म्यानात.”

चामडं दमट हवेतली ओल शोषून घेतं आणि पात्याला चिकटवून ठेवतं. पण इथे आणखी एक शत्रू होता. मूठ जुन्या सेल्युलॉइडची, कासवाच्या कवचासारखी अर्धपारदर्शक, आणि तिला बारीक तडे गेलेले. सेल्युलॉइड कुजायला लागलं की त्यातून आम्लाची वाफ निघते आणि शेजारचं पोलाद खाते. अशा मुठीत कितीही तेल लावा, गंज परत येतो. मूठ बदलावीच लागेल, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं.

दुपारी 2:00. दुकान रिकामं असताना त्याचं पातं खिळ्यातून मोकळं केलं. तेलात भिजवून 2000 नंबरच्या पॉलिश पेपरने, नेहमी धारेपासून दूर. वरवरचा लाल गंज निघाला. भिंग लावून पाहिलं तर टोकाकडे काळे खड्डे, त्यातला एक धारेपर्यंत पोचलेला. खड्डा धारेवर आला की तिथलं पोलाद दगडावर तुटतं. तेवढा भाग घासून मागे न्यावा लागेल, म्हणजे पात्याची रुंदी कमी होणार. तरी वस्तरा वाचेल.

रात्री 9:00. दुकान बंद करताना माझं पातं एकदा उजेडात धरतो आणि मेणकागदात गुंडाळून कोरड्या फळीवर ठेवतो. उद्या सकाळी दुसरा वस्तरा. दोन आलटून पालटून वापरले की प्रत्येकाच्या खिळ्याला सुकायला पुरा दिवस मिळतो.