विवाहरद्दता आणि घटस्फोट : गोमंतकीय दप्तरांतील एक भेद

मराठी कागदपत्रांतील ‘पाट’ व ‘काडीमोड’ हे शब्द नृसिंहवाडीकडील अभ्यासकास परिचित आहेत. परंतु कॅथलिक धर्मपीठाचा विवाहरद्दतेचा निर्णय हातीं आला, कीं तो काडीमोडच समजला जातो. हें बरोबर नाहीं. घटस्फोटानें झालेला विवाह मोडतो. रद्दतेनें तो मुळांतच सिद्ध झाला नव्हता, असें ठरतें. खऱ्या संमतीचा अभाव, दहशत, अथवा विधींतील दोष हीं त्याचीं कांहीं कारणें होत. मात्र एका पक्षानें तरी सद्भावानें विवाह केला असल्यास संतति औरसच राहते.

पोर्तुगालच्या प्रजासत्ताकानें १९१० सालीं घटस्फोटाचा कायदा केला. पुढें रोमशीं झालेल्या १९४० च्या करारानें, चर्चमध्यें विवाह करणाऱ्यांनीं दिवाणी घटस्फोटाचा हक्क सोडला, असें ठरलें. १९४६ च्या हुकुमानें तो नियम गोव्यास लागला व १९६१ च्या मुक्तीनंतरही राहिला.

ब्रिटिश हिंदुस्थानांत मात्र १८६९ चा घटस्फोट कायदा होता. धर्मपीठाचा निर्णय त्या कायद्याखालील हुकुमनाम्याची जागा घेऊं शकत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं ठरविलें. म्हणून त्या कायद्याखालीं केवळ धर्मपीठाच्या निर्णयावर केलेला पुनर्विवाह कायद्यापुढें टिकत नाहीं. उलट, केवळ न्यायालयाचा घटस्फोट घेणारा, पहिला जोडीदार हयात असेतों, चर्चच्या दृष्टीनें विवाहितच राहतो.

सबब असा कागद वाचतांना निर्णय कोणत्या पीठाचा, हें प्रथम पाहावें. एका शब्दाच्या चुकीनें एखाद्या स्त्रीची पत्नी म्हणून असलेली पायरीच बदलून जाते.