‘झालाय’ म्हणजे नक्की काय झालाय?

बायोडेटात लिहिलं होतं, ‘घटस्फोटित (निर्दोष)’. आपल्याकडच्या वधू-वर सूचक मंडळांचा हा लाडका शब्द. निर्दोष हे ठरवलं कुणी, मग दोष कुणाचा, असले प्रश्न विचारायचे नसतात. मीही विचारले नाहीत. मी २९ वर्षांची, फ्रीलान्स पत्रकार, म्हणजे ‘मुलगी काय करते?’ या प्रश्नावर आईला धड उत्तर देता येत नाही अशी. तो ३४ चा, मूळचा नाशिकचा, नोकरी सिलिकॉन व्हॅलीत, आणि सेन्स ऑफ ह्यूमर चक्क शाबूत! डिसेंबर २०२४ मध्ये तो सुट्टीवर आला, आम्ही चार वेळा भेटलो आणि चौथ्या भेटीत एफ. सी. रोडवर कॉफी पिताना माझ्या लक्षात आलं की बॉस, हे जमतंय.

पहिल्या लग्नाबद्दल त्याने स्वतःहून सांगितलं. २०१७ मध्ये नाशिकला लग्न, २०२० मध्ये ती परत आली, २०२२ मध्ये तिकडच्या कोर्टात डिव्होर्स. ‘म्युच्युअलच होतं गं. भांडणबिंडण काही नाही. झालाय डिव्होर्स.’

माझे बाबा रिटायर्ड बँकवाले. त्यांनी एकच विचारलं, ‘कागद बघितलास?’

आता ज्या माणसाशी तुम्ही गाणी आणि मीम्स शेअर करताय, त्याला ‘जरा तुझ्या घटस्फोटाची प्रत पाठव’ असं कसं म्हणायचं? पण म्हटलं. त्याने व्हॉट्सअॅपवर लगेच फोटो पाठवला. एकच पान, खाली जजची सही, कोर्टाचा शिक्का. मी खूश. बाबांनी चष्मा वर केला. ‘हे पान दोन आहे. एक कुठंय?’

काउंटी म्हणजे आपला जिल्हा, पण...

मी त्याला परत विचारलं नाही. रात्री लॅपटॉप उघडला. (हे मी अभिमानाने सांगत नाहीये.)

पहिला धडा असा, की अमेरिकेत ‘अमेरिकेचा डिव्होर्स’ अशी काही चीजच नाही. घटस्फोटाचा कायदा प्रत्येक राज्याचा वेगळा, देशभराचं एकत्र रजिस्टर नाही, आणि खरी फाइल पडलेली असते काउंटीच्या कोर्टात. अशा काउंट्या तीन हजारांहून जास्त. मग शोधायचं कुठे? लग्न झालं तिथे नाही, माणूस आत्ता राहतो तिथेही नाही. केस टाकली तेव्हा दोघांपैकी एकजण जिथे राहत होता, तिथे. कॅलिफोर्नियात केस टाकणाऱ्या दोघांपैकी निदान एकाने राज्यात सहा महिने आणि त्या काउंटीत तीन महिने राहिलेलं असावं लागतं. म्हणजे २०२१ मध्ये साहेब कुठल्या अपार्टमेंटमध्ये होते, हे कळलं की काउंटी कळली. ते मला माहीत होतं. त्या घराच्या गळक्या नळाचे किस्से मी ऐकले होते!

सर्च मारल्यावर आधी येतात त्या पैसे घेऊन ‘सगळी रेकॉर्ड्स’ देणाऱ्या खासगी साइट्स. नादी लागू नका. काउंटीच्या सुपीरियर कोर्टाची स्वतःची साइट असते, तिथे नावाने केस शोधता येते. मी त्याचं नाव टाकलं. शून्य रिझल्ट. परत टाकलं. शून्य. रात्रीचे दोन वाजलेले आणि माझ्या पोटात गोळा. डिव्होर्स झालाच नसेल तर?

मग ट्यूब पेटली. आपल्या मराठी पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये मुलाचं आणि वडिलांचं नाव शेजारी शेजारी असतं. तिकडच्या क्लार्कला ते एकच लांबलचक नाव वाटतं, किंवा वडिलांचं नाव मिडल नेम होतं, किंवा गायबच होतं. स्पेलिंगमध्ये ‘व्ही’चं ‘डब्ल्यू’ होतं ते वेगळंच. बायकोचं नाव माहेरचं की सासरचं, हाही जुगार. नुसतं आडनाव आणि वर्ष टाकलं, आणि सापडली. केस नंबर, दाखल तारीख, दोघांची नावं. काउंटीचं नाव इथे लिहीत नाही, कारण मला सापडली तशी ती तुम्हालाही सापडेल.

खाली घडामोडींची यादी होती. पिटिशन. प्रूफ ऑफ सर्व्हिस. रिक्वेस्ट टू एंटर डिफॉल्ट. जजमेंट. बस्स. मी ती यादी तीनदा वाचली. डिव्होर्स झाला होता हे नक्की. पण ‘रिस्पॉन्स’ कुठे होता? म्युच्युअल असेल तर तिचा एक तरी कागद नको?

क्लिक करून कागद उघडत नाहीत. कॅलिफोर्नियाच्या नियमाप्रमाणे फॅमिली केसची यादी घरबसल्या बघता येते, पण आतली पानं बाहेरच्या माणसाला कोर्टात जाऊनच बघावी लागतात, नाहीतर पोस्टाने मागवावी लागतात. फाइल मात्र, सील केली नसेल तर, सार्वजनिक असते. नात्यागोत्यातलं असायची गरज नाही. हे प्रत्येक राज्यात असंच असेल या भ्रमात राहू नका. न्यूयॉर्कमध्ये घटस्फोटाची फाइल फक्त नवरा-बायको आणि त्यांचे वकीलच बघू शकतात, तिथे तुम्हाला त्यालाच कॉपी काढायला सांगावं लागेल. (आणि तिथल्या ‘सुप्रीम कोर्ट’ या नावाने दबून जाऊ नका, घटस्फोट तिथेच होतात!) टेक्सासमध्ये कागद काउंटी क्लार्ककडे नाही, डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे असतात. राज्याचं ऑफिस फक्त ‘अशी नोंद आहे’ एवढं पत्र देतं, तेही १९६८ पासूनच्या घटस्फोटांसाठी. कॅलिफोर्निया राज्याकडे तर १९६२ ते जून १९८४ एवढ्याच नोंदी आहेत. आपल्या पिढीसाठी काउंटीला पर्याय नाही.

चार दिवस फोन नाही

पोस्टाने मागवायचं तर अर्ज, केस नंबर, डॉलरमधला चेक, परतीचं पाकीट. पुण्यातून डॉलरचा चेक कुठून आणू? माझा मामेभाऊ बे एरियात राहतो. त्याला फोन केला. दादा म्हणाला, ‘अर्धा दिवस सुट्टी टाकतो, पण आधी त्याला सांग. त्याच्या पाठीमागे मी हे करणार नाही.’

मला राग आला. मग लाज वाटली. मग सांगितलं.

‘म्हणजे तू माझ्यावर डिटेक्टिव्ह लावलास?’ एवढं बोलून त्याने फोन ठेवला. पुढचे चार दिवस काहीच नाही. आई देवासमोर, बाबा पेपरसमोर, मी फोनसमोर. पाचव्या दिवशी मेसेज आला. फक्त केस नंबर. खाली लिहिलं होतं, ‘पान एक माझ्याकडे खरंच नाहीये. शोधलं. दादाला सर्टिफाइड घ्यायला सांग.’

हा ‘सर्टिफाइड’ शब्द लक्षात ठेवा. साध्या कॉपीला कॅलिफोर्नियात पानाला ५० सेंट पडतात. सर्टिफाइड कॉपीवर ‘ही मूळ कागदाबरहुकूम आहे’ असा क्लार्कचा शिक्का असतो, त्याचे पैसे वेगळे. भारतात वापरायची तर त्यावर त्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटचा अपोस्टिल लागतो. भारत २००५ मध्ये अपोस्टिल करारात आला, तेव्हापासून हा मार्ग खुला झाला. पुण्यात रजिस्टर लग्न करायचं तर स्पेशल मॅरेज अॅक्टची ३० दिवसांची नोटीस देताना घटस्फोटित पक्षाकडे डिक्री मागतातच. व्हॉट्सअॅपचा फोटो दाखवून बघा, काय चेहरा करतात ते!

पान एक

दादाने जजमेंट, प्रूफ ऑफ सर्व्हिस आणि यादी, तिन्ही आणली. जजमेंटचा फॉर्म एफएल-१८०, दोन पानांचा. दुसऱ्या पानावर सही. आणि सगळी गंमत पहिल्या पानावर.

वर तारीख होती, विवाह संपल्याची. ही आणि निकालाची तारीख एकच असेल असं नाही. कॅलिफोर्नियात नोटीस पोचल्यापासून (किंवा समोरचा पक्ष हजर झाल्यापासून, जे आधी होईल ते) किमान सहा महिने झाल्याशिवाय लग्न संपत नाही, मग निकाल आधी का लागेना. इथे ती तारीख उलटून गेली होती. हुश्श.

मग तो कागद घेऊन आम्ही शिवाजीनगरला एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी तारखेकडे बघितलंही नाही. बोट ठेवलं ते तिसऱ्या मुद्द्यावर. कोर्टाला पत्नीवर अधिकार कसा मिळाला, यासाठी तिथे दोन चौकोन असतात. एक, तिला नोटीस पोचली. दोन, ती हजर झाली. फुली पहिल्या चौकोनावर होती. आणि त्याच्या वर, सुनावणी कशी झाली, तिथे ‘डिफॉल्ट’.

‘लग्न कुठे लागलं?’

‘नाशिकला. वैदिक पद्धतीने.’

‘मग अमेरिकेसाठी हा सुटलाय. भारतासाठी नक्की सुटलाय असं मी लिहून देणार नाही.’

त्यांनी १९९१ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल सांगितला, नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी. लग्न १९७५ मध्ये तिरुपतीला, घटस्फोट मिझुरीतल्या सेंट लुईस काउंटीच्या कोर्टातून, पत्नीच्या गैरहजेरीत. नवऱ्याने इकडे दुसरं लग्न केलं, आणि पहिल्या पत्नीने द्विभार्येची तक्रार केली. सुप्रीम कोर्टाने तो अमेरिकन घटस्फोट मानला नाही. लग्न ज्या कायद्याखाली झालं, त्याच कायद्यातलं कारण हवं आणि त्याच कायद्याप्रमाणे अधिकार असलेलं कोर्ट हवं. याला अपवाद मोजके. पत्नी तिथेच राहत असेल, किंवा ती स्वतःहून हजर होऊन केस लढली असेल आणि कारण आपल्या कायद्यात बसणारं असेल, किंवा तिने घटस्फोटाला संमती दिली असेल. ‘आमचं पटत नाही’ हे कॅलिफोर्नियात पुरेसं कारण आहे, हिंदू विवाह कायद्यात ते कारणच नाही.

मला त्या केसमधली एक बारीक गोष्ट फार लागली. तिथेही कागदाचीच भानगड होती. क्लार्कने सर्टिफाय केलेली फोटोकॉपी कोर्टात दिली होती, पण अमेरिकेतल्या भारत सरकारच्या प्रतिनिधीने ती पुढे प्रमाणित केली नव्हती, म्हणून ती पुराव्यात धरता आली नाही.

थोडक्यात, मी त्याच्याशी पुण्यात लग्न केलं असतं आणि नाशिकहून कुणी तक्रार केली असती, तर माझं लग्न वाऱ्यावर आणि तो द्विभार्येच्या कलमात. शिक्षा सात वर्षांपर्यंत. मी त्याला व्हिडिओ कॉलवर पान एक दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला. ‘ती काही बोलली नाही, म्हणून मला वाटलं तिला चालेल,’ तो म्हणाला. ‘मी त्यालाच म्युच्युअल म्हणत होतो.’

खोटं तो बोलला नव्हता. पण मला ते वाक्य अजूनही आवडलेलं नाही, आणि हे त्याला माहीत आहे.

नाशिक

वकीलबाईंनी मार्ग सुचवला तो सरळ होता. दोघांनी मिळून नाशिकच्या फॅमिली कोर्टात परस्पर संमतीचा अर्ज करायचा, कलम १३-ब. पहिल्या आणि दुसऱ्या अर्जामधली सहा महिन्यांची मुदत योग्य प्रकरणात माफ होऊ शकते, असं सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये म्हटलंय. प्रश्न एवढाच, की तिला फोन कुणी करायचा? त्याने केला. दोन दिवसांनी तिचा मला फोन आला.

आवाज शांत होता. म्हणाली, ‘पाकीट आलं होतं गं. पण उत्तर द्यायला तिकडचा वकील लागतो, त्याची फी डॉलरमध्ये. बाबा म्हणाले, गप्प बस, आपोआप संपेल. संपलं की नाही ते मला कुणी कळवलंच नाही.’ तिला निकालाची प्रत मिळालेली नव्हती. केस नंबरही माहीत नव्हता. आणि तिचंही एक ठिकाणी जमत आलं होतं, पण त्या मुलाची आई कागद मागत होती.

‘मी सही करते,’ ती म्हणाली. ‘फक्त एक काम करशील? तू मागवलीस ना, तशी शिक्क्याची कॉपी मलाही हवी आहे. माझ्याच डिव्होर्सची आहे, पण मागायची कशी ते मला माहीत नाही. आणि कुरिअरने नको पाठवू. अमेरिकेचं पाकीट दिसलं की बाबांचा बीपी वाढतो.’

दादाला परत अर्धा दिवस सुट्टी टाकायला लावली. या वेळी दोन प्रती. मार्च २०२५ मध्ये शिवाजीनगरहून नाशिकची बस पकडली, आणि महामार्ग स्टँडजवळच्या एका हॉटेलात तिला तिची प्रत दिली. तिने तिथेच पहिलं पान काढून वाचायला घेतलं. चहा थंड झाला. मग तिने विचारलं, ‘हा तिसरा मुद्दा मला जरा समजावून सांगतेस?’