छापा-काट्याचा चार्ट

एक नाणं घ्या आणि शंभर रुपयांचा एक काल्पनिक शेअर धरा. छापा पडला तर भाव रुपयाने वर, काटा पडला तर रुपयाने खाली. असं शंभर वेळा करा आणि ठिपके जोडा. काय दिसेल? नुसत्या रेघोट्या? छे! डोंगर दिसतील, दऱ्या दिसतील, चक्क तेजीची चाल दिसेल. शंभर फेकींत कुठेतरी सलग पाच वेळा एकच बाजू पडण्याची शक्यता तब्बल ९७ टक्के असते! नाण्याला ना कंपनी, ना नफातोटा. तरी आपला डोळा त्यात हेतू शोधतोच.

अर्थतज्ज्ञ बर्टन मॅल्किएल यांनी विद्यार्थ्यांकडून असाच आलेख काढून घेतला आणि एका चार्टवाल्या मित्राला दाखवला. मित्र उसळलाच. कंपनी कोणती ते सांग, आत्ताच घ्यायला हवी!

बरं, खऱ्या शेअरच्या चार्टवरची दिवसाची कॅन्डल तरी काय सांगते? दिवसाचा पहिला भाव, शेवटचा, सर्वांत वरचा, सर्वांत खालचा. बस्स, चार आकडे. हजारो सौदे त्यात दाबून बसवलेले. ते कोणी केले, का केले, याचा मागमूस नाही. ‘सत्यम’ या आयटी कंपनीचा शेअर ६ जानेवारी २००९ ला १७९ रुपयांच्या आसपास होता. दुसऱ्या दिवशी तिचे अध्यक्ष रामलिंग राजूंचं खोट्या हिशेबांच्या कबुलीचं पत्र आलं आणि संध्याकाळी भाव उरला चाळीसच्या आसपास. ते पत्र कुठल्या रेषेत दिसणार होतं?

३ जून २०२४ चं तर विचारूच नका. लोकसभा निवडणुकीच्या एक्झिट पोलच्या जोरावर सेन्सेक्स २,५०७ अंकांनी उसळला. चार्टवर थेट विक्रमी उंची. दुसऱ्या दिवशी मतपेट्या बोलल्या आणि ४,३८९ अंक गेले. गंमत पुढेच आहे: ७ जूनला निर्देशांक पुन्हा ३ तारखेच्याही वर बंद झाला!

पण सर्वांत अद्भुत अडचण वेगळीच आहे. कोकणातल्या सावर्ड्याच्या सह्याद्री कला महाविद्यालयात मॉडेल समोर बसतं आणि विद्यार्थी त्याचं चित्र काढतात. समजा, ते मॉडेल प्रत्येक कागदात डोकावून बसण्याची ढब बदलू लागलं तर? शेअर बाजार हेच करतो. ५०० रुपयांवर ‘सपोर्ट’, म्हणजे घसरता भाव सावरण्याची पातळी, आहे असं सगळ्यांनाच दिसलं, की सगळे जण स्टॉपलॉस, म्हणजे ठरलेल्या भावाला विकण्याच्या आगाऊ सूचना, जरा खाली, ४९८-४९९ ला लावतात. एखाद्या मोठ्या विक्रीने भाव तिथे घसरला, की ते आपोआप विक्रीचे सौदे होतात, भाव आणखी पडतो, पुढचे स्टॉपलॉस सुटतात. सावरणारी रेषाच घसरगुंडी होते, आणि ती सगळ्यांनी पाहिली म्हणूनच होते!

चार्ट टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. कालपर्यंत काय झालं, किती तोट्यावर थांबायचं, हे ठरवायला तो चांगला. उद्याचं विचारलं की मात्र तो गप्प बसत नाही, हीच पंचाईत.

आज सावर्ड्यातल्या मोबाइलवर आणि दलाल स्ट्रीटवर तीच कॅन्डल जवळपास त्याच क्षणी उमटते. मग डाव बरोबरीचा? बाजार नियामक सेबीच्या २०२४ च्या अहवालानुसार फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये तीन आर्थिक वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटींहून जास्त. आणि समोरच्या परदेशी गुंतवणूकदार संस्थांचा २०२३-२४ मधला ९७ टक्के नफा अल्गोरिदमने, म्हणजे यंत्रांनी केलेल्या सौद्यांतून आला होता.